गुलाब हे नाव कोणी ठेवलं

मन्या, लेका, शोकसभेतही तू पुढे आणि मी मागे. कॉलेजचा हॉल गच्च भरला होता. बसायला जागा नाही म्हणून पोरं खिडक्यांत चढली होती. टेबलावर तुझा फोटो, फोटोला झेंडूचा हार, शेजारी आपला लाकडाचा बैल आणि त्यालाही हार. मी बसल्या बसल्या मनात म्हणत होतो, उद्या मी गेलो तर कोण येईल? माय येईल, आणि तळेगावच्या शाळेचा शिपाई येईल, तोही शाळेला सुट्टी मिळाली म्हणून. मेलेल्या माणसाचा हेवा करू नये म्हणतात. पण सात वर्षं केलेली गोष्ट तुझ्या तेराव्याला कशी सुटेल?

प्राचार्यांची चिठ्ठी आली होती. ‘आपण कै. मनोहररावांचे जिवलग मित्र. आपल्या हुतुतू संघाची निशाणी असलेल्या गुलाब बैलाचे नामकरण त्यांनी कसे केले, ती हकिकत आपणच सांगावी.’ जिवलग! चार वर्षं आपण एकमेकांशी बोललो नव्हतो, हे त्यांना कुठून कळणार. आणि बोललो नव्हतो ते या नामकरणावरूनच. या चार वर्षांत आपला जिल्हा मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेला, पण आपला अबोला काही जागचा हलला नाही.

मी सभेत काय बोललो ते सांगतो. पण आधी माझं सगळं ऐकून घे. जिवंत होतास तेव्हा तू मला बोलू कधी दिलंस?

नावापासूनच बघ ना. तू मनोहर, मी दगडू. वर्गात हजेरी घेताना सरांनी ‘दगडू’ म्हटलं, की मागच्या बाकावरून हमखास कोणीतरी म्हणायचं, ‘उचला!’ तुझ्या नावाला कोण हसणार? मी एकदा मायला चिडून विचारलंही होतं, की मी झालो तेव्हा नावांचा दुष्काळ पडला होता काय. ती म्हणाली, “दगडाले काय होते? कायी नाई होत.” आणि ज्वारी पाखडायला लागली.

हुतुतूतही तेच. तू चढाई करायचास. श्वास धरून पलीकडे जायचास, दोघांना शिवून हसत परत यायचास आणि टाळ्या घ्यायचास. मी कोपऱ्यात वाकून उभा. समोरच्याचा घोटा असा धरायचो की तो तोंडावर आपटायचा. लोक म्हणायचे, “अरे, पडला!” कोणी पाडला, हे एकानंही कधी विचारलं नाही.

आणि मग तू पोळ्याला आमच्या नाचणगावला आलास. मीच बोलावलं तुला, माझीच अक्कल.

आमचं घर सुताराचं. दुसऱ्यांच्या बैलबंड्या, दुसऱ्यांचे नांगर, दुसऱ्यांच्या पोरांचे लाकडी बैल. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, पोरं चाकाचे बैल सजवून मिरवतात, म्हणून श्रावणात बाप रात्रंदिवस बैलच कोरत बसायचा आणि सगळे विकायचा. एक मात्र त्यानं कधी विकला नाही. शिवणीच्या लाकडाचा, हातभर लांब, शिंगं गुलाबी रंगवलेली. त्याच्या डाव्या कानावर बारीक दातांचे वण होते. आल्यागेल्याला मी ते कौतुकानं दाखवायचो, हे माझे दुधाचे दात म्हणून. मी आठ वर्षांचा असताना बाप गेला. माझ्यासाठी त्याची अशी ती एकच वस्तू उरली. तिचं नाव गुलाब. शिंगांवरून मीच ते ठेवलं, असं मी समजत होतो. बोलायला लागलो तेव्हापासून मी त्याला त्याच नावानं हाक मारत होतो. बाहेर सांगितलं नव्हतं. बैलाचं नाव गुलाब म्हटलं तर पोरांना आयतंच सापडलं असतं.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी शेतकरी बैलाच्या खांद्याला तूप-हळद चोळतात आणि त्याला जेवणाचं आवतन देतात. आमची माय हेच त्या लाकडाच्या बैलाला करायची. वाटीत तूप पातळ करायची, हळद कालवायची, दोन्ही खांद्यांना हळूहळू चोळायची आणि म्हणायची, “आज आवतन घे, उद्या जेवाले येजो.” मला वाटायचं, बिचारीला बैलजोडीची हौस, ती अशी भागवून घेते.

त्या संध्याकाळी तू सरळ चुलीपाशी जाऊन बसलास. आल्याला एक तास झाला नव्हता आणि तू तिला ‘माय’ म्हणायला लागला होतास. मी अंगणात हातपाय धूत होतो. तुझा आवाज ऐकू आला, “माय, हा बैल कोनाचा वो?” पुढचं पाण्याच्या आवाजात गेलं. मी आत आलो तर माय पदरानं डोळे पुसत होती आणि तू खाली मान घालून बसला होतास. “धूर झाला,” माय म्हणाली. मी खुळ्यासारखा फुंकणी घेऊन चूल फुंकायला बसलो.

दुसऱ्या दिवशी पंगतीत तिनं तुला आग्रह करकरून दोन पोळ्या जास्त वाढल्या. वर तूप. मला विचारलंसुद्धा नाही. हे मी विसरलेलो नाही, मन्या. तुला सांगायचं राहिलं होतं, आज सांगतो.

तिसऱ्या दिवशी सकाळी वर्ध्याला नागपूरवाल्यांशी सामना होता. निघताना तू मायला म्हणालास, “आज तान्हा पोळा हाये. हा मले एक दिस नेऊ दे. आमी बी आमचा बैल मिरवू.”

“ने रे बाप्पा,” माय म्हणाली.

मी तिथंच उभा होतो. बैल माझा, बाप माझा, माय माझी. आणि दोघांनी मिळून देवघेव करून टाकली. गाडीत तू तो मांडीवर घेऊन बसलास आणि मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

त्या दिवसाचं मैदान मला अजून दिसतं. नागपूरवाल्यांपुढे आपण कधी जिंकलो नव्हतो. त्यांची पोरं आपल्याला बघून हसत होती, आणि तू रेघेच्या कडेला लाकडाचा बैल ठेवलास तेव्हा तर त्यांना हसू आवरेना. “काय बे, खेळाले आले का पोळा भरवाले?”  प्रत्येक चढाईआधी त्याच्या कपाळाला हात लावत होतास. शेवटच्या चढाईला आपले तिघेच उरले होते. तू वाकलास आणि छाती फाटेल एवढ्यानं ओरडलास, “चाऽल गुलाब!” आणि त्यांचे चौघं बाद करून आलास.

पोरांनी नाव उचललं. रेघेभोवतीची माणसं, टांगेवाले, भज्यांच्या गाडीवरचा म्हातारा, सगळे एकच ओरडत होते. मी मात्र कोपऱ्यात गोठलो होतो. मी ठेवलेलं नाव तुझ्या तोंडात आलं कुठून? मायनंच सांगितलं असणार, चुलीपाशी. माझ्या पोरानं असं असं नाव ठेवलं म्हणून.

त्याच दिवशी बैल संघाची निशाणी ठरला. त्याच्यासाठी व्यायामाच्या सरांच्या मनात ‘वज्रनंदी’ हे नाव होतं. ते बिचारं त्यांच्या वहीतच राहिलं. त्यांनी विचारलं, “हे गुलाब कोणाच्या डोक्यातून निघालं रे?” तू माझ्याकडे पाहिलंस. चांगलं टक लावून पाहिलंस. मला वाटलं, आता म्हणशील, दगडूच्या. तू म्हणालास, “माह्याच, सर.”

आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय!

त्यानंतर गुलाब माझा राहिला नाही. कॉलेजात काचेच्या कपाटात गेला. सामना असला की तो पुढे, संघ मागे. नागपूरच्या वर्तमानपत्रात तुझा फोटो आला, खाली ‘गुलाबचे नामकर्ते’. संघाच्या फोटोत तू मधोमध, मांडीवर गुलाब. मी मागच्या रांगेत डावीकडे, अर्धं तोंड चौकटीबाहेर. तो फोटो आमच्या घरी मायनं देवाशेजारी लावला आहे. मी म्हटलं, “यात मी नाई दिसत.” ती म्हणाली, “कान दिसते नं तुहा.”

अंतिम सामन्याला मी मायला मुद्दाम वर्ध्याला आणली. एकदा तरी माझी पकड तिनं डोळ्यांनी बघावी, एवढीच इच्छा होती. त्या दिवशी मी जन्मात खेळलो नाही असा खेळलो. गुडघा फुटला तरी त्यांचा सगळ्यात दांडगा गडी धरून ठेवला. उठून मायकडे पाहिलं, तर ती माझ्याकडे बघतच नव्हती. सगळं मैदान ‘गुलाब, गुलाब’ करत होतं आणि ती बैलाकडे आणि तुझ्याकडे बघून ढसाढसा रडत होती. त्या दिवशी मी मनात तुला पहिली शिवी घातली. नंतर पुष्कळ घातल्या.

भांडण निरोपाच्या दिवशी झालं. प्राचार्यांनी भाषणात पुन्हा तुझं आणि गुलाबचं कौतुक केलं, आणि बाहेर विहिरीपाशी मी तुझा हात धरला.

“त्यायले सांग, नाव दगडूचं हाये म्हनून. आताच्या आता सांग.”

“सोड, दगडू.”

“काऊन सोडू? माह्या घरातून बैल नेला, नाव नेलं. चोर हायेस तू.”

तुझा चेहरा असा झाला, जणू कोणीतरी थोबाडीत मारली. तू हळूच म्हणालास, “ते नाव तुहं नाई, दगडू.”

“मंग तुहं हाये का?”

तू बोलायला तोंड उघडलंस आणि मिटलंस.  मग म्हणालास, “समज माहं हाये.” आणि निघून गेलास. मी तुझ्या पाठीवर आणखी एकदा ‘चोर’ म्हणालो, ते तू ऐकलंस का, हे मला ठाऊक नाही. ऐकलं असावंस.

तू वर्ध्याला कचेरीत लागलास, मी तळेगावला मास्तर झालो. पण दरसाल पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी तू कॉलेजातून गुलाबला घेऊन आमच्या घरी जायचास. मला ते कळायचं, म्हणून मी मुद्दाम पोळ्याच्या सकाळच्या मोटारीनं यायचो, तू निघून गेल्यावर. उंबऱ्यातच माय सांगायची, “मन्या आलता. तूप चोळून गेला.” कोनाड्यात गुलाब दिसायचा, खांदा हळदीनं पिवळा. मी त्याला हात लावायचो नाही. माझ्याच घरात पोळ्याला माझ्या आधी तू, याची आग माझ्या पोळीत उतरायची.

आणि मग तुझा मुदतीचा ताप. मला पत्र पोचलं तेव्हा तुला जाऊन चार दिवस झाले होते. कोणाला खरं वाटणार नाही, पण पहिला विचार माझ्या मनात आला तो असा, की आता भांडण कोणाशी करू? दुसरा त्याहून वाईट. म्हटलं, आता खरं सांगायला कोणाची आडकाठी नाही.

म्हणून चिठ्ठी आल्यावर मी भाषण लिहून काढलं. चार पानं. त्यात तुझी स्तुतीही होती, मी काही अगदीच नीच नाही. पण तिसऱ्या पानावर साफ लिहिलं होतं, की गुलाब हे नाव या दगडूनं लहानपणी ठेवलेलं आहे, आणि मित्रानं ते मैदानावर नेलं. सभेच्या आदल्या दिवशी नाचणगावला येऊन ते मायला वाचून दाखवलं. ती वाल सोलत होती. तिसऱ्या पानावर तिचे हात थांबले.

“हे नको वाचू तिथं,” ती म्हणाली.

“काऊन? खोटं हाये का?”

“हो. खोटं हाये.”

 मायनं शेंगांचं सूप बाजूला सारलं.

“गुलाब तुहा भाऊ होता,” ती म्हणाली. “तुह्याहून दोन वर्सांनं मोठा. तू पोटात होता अन् तो गोवरानं गेला. दीड वर्साचा होता. त्याच्या पयल्या तान्ह्या पोळ्यासाठी तुह्या बापानं तो बैल केलता. त्या कानावरचे दात तुहे नाई. त्याचे हायेत.”

मी हातातली पानं खाली ठेवली.

“मंग तू झाला. तुह्या आजीनं तुले उकिरड्यावर नेऊन ठेवलं अन् पदर पसरून उचलून आनलं. म्हने, चांगलं नाव ठेवलं का देवाची नजर जाते. म्हून दगडू. अन् म्हने, काऊन ठेवलं ते याले कधी सांगू नको, सांगतलं का दगड फुटते. तुहा बाप त्या बैलाले गुलाब म्हनून हाक मारे. तू आयकलं असन, तेच तोंडात बसलं. आमी बी म्हटलं, म्हनू दे.”

“मन्याले कोनी सांगतलं?”

“म्या.”

“मले नाई सांगतलं. अन् त्याले सांगतलं?”

“त्यानं इचारलं,” माय म्हणाली. “हा बैल कोनाचा म्हनून. तू कधी इचारलं? अन् तो चुलीपाशी बसला तसा मले वाटलं, गुलाब असता त एवढाच असता. तोंडातून निंगून गेलं. मंग मी त्याले शपथ घातली, दगडूले सांगजो नको म्हनून.”

मन्या, खरं सांगतो. अशा वेळी माणसाला भावासाठी रडू यावं. मला आलं नाही. मला आला तो तुझा मत्सर, आजवर आला नव्हता असा. टाळ्या गेल्या, फोटो गेला, पोळ्या गेल्या, ते सगळं सोड रे. पण माझ्या मायनं तिच्या पोटातली गोष्ट सत्तावीस वर्षांत मला सांगितली नाही आणि तुला एका संध्याकाळी सांगितली. माझ्या भावाला तू माझ्या आधी ओळखत होतास. तू ओरडायचास तेव्हा तुला ठाऊक असायचं, तू कोणाला हाक मारतो आहेस. तीही रेघेपलीकडे बसून ऐकत होती, तिच्या लेकराचं नाव सगळा गाव घेतोय म्हणून रडत होती. त्या सगळ्या मैदानात एकटा मीच बाहेरचा होतो.

आणि विहिरीपाशी मी तुला चोर म्हटलं, तेव्हा एका वाक्यात तू सुटला असतास. ते वाक्य तू गिळलंस, आणि वर चोर होऊन घरी गेलास. हे मला जमलं असतं का? नसतं जमलं. मी तर तेवढ्याचाच तुझा हेवा करतो आता. बाकीचा सगळा तुला माफ.

सभेत माझं नाव पुकारलं. चार पानं खिशात होती. मायचा गुलाब त्या हॉलमध्ये काढून मांडायचा नव्हता. मी उभा राहिलो आणि म्हणालो, “गुलाब हे नाव मनोहरनंच ठेवलं. ते नाव मोठ्यानं घ्यायची हिंमत आमच्यापैकी दुसऱ्या कोणाला झाली नसती.” आणि खाली बसलो. टाळ्या झाल्या. त्याही तुलाच.

आज पोळ्याची आदली संध्याकाळ. दुपारी कॉलेजात जाऊन गुलाबला मीच घेऊन आलो. कपाट उघडताना शिपाई म्हणाला, “दरसाल मनोहर भौ नेत होते.” “मले ठाऊक हाये,” मी जरा जोरातच म्हणालो. पुलगाव स्टेशनापासून घरापर्यंत त्याला काखेत धरून आणला. वाटेत दोनदा थांबून तो कान पाहिला. केवढेसे दात रे ते.

मायनं तूप-हळद कालवली आणि वाटी माझ्या हातात दिली. “तू लाव. मन्या लावे.” मी दोन्ही खांद्यांना चोळलं. हळद शिंगांनाही लागली. माय त्याच्यापुढे बसली.

“आज आवतन घे, गुलाब, उद्या जेवाले येजो.” मग म्हणाली, “मन्या, तू बी येजो रे बापा.”

आणि लेका, मला पुन्हा तोच हेवा. सत्तावीस वर्षांचा घोडा, शाळेत मास्तर, आणि तोंडातून निघून गेलं, “अन् मले?”

“काय तुले?”

“मले काऊन नाई आवतन?”

 मायनं हळदीचा हात तसाच माझ्या तोंडावरून फिरवला. म्हणाली, “येडा हायेस का रे? घरच्याले कोनी आवतन देते का? तू त हायेस.”

ऐकलंस, मन्या? मी आहे. एवढ्या एका बाबतीत मी तुझ्यापुढे गेलो, आणि ते मला नको होतं. उद्या तुझं पान माझ्या उजव्या हाताला मांडतो. दोन पोळ्या जास्त, तूप मी स्वतः वाढीन. तुझ्या पलीकडे गुलाबचं पान असेल. तुम्ही दोघं एकमेकांना ओळखता, माझी तेवढी ओळख करून दे. येजो.